धाग्याचा क्लच

त्या सकाळी सुहासला मिळायचं होतं ते असं: दोनशे क्लचची ऑर्डर, भाट्याच्या खाडीत पर्यटक फिरवण्यातून कायमची सुटका, आणि ‘काशीरामाचा जावई’ या ओळखीऐवजी स्वतःचं नाव. पदरचं घालायचं होतं ते जवळजवळ काहीच नाही. क्लच सासऱ्यानं विणला होता.

शिडाच्या होडीवर ताणलेला दोर धरून ठेवायला धातूची जड पकड असते, तो क्लच. हा मात्र धाग्याचा. वीतभर विणलेली नळी, वजनाला लिंबाएवढी. दोर तिच्यातून ओवायचा. ओढ बसली की नळी आवळते, बाजूची बारीक दोरी हिसकली की सुटते. तीस वर्षं जेटीवर जाळी विणलेल्या काशीरामानं जावयाच्या मोबाईलवरचा फोटो बघून ती चार दिवसांत उतरवली. होड्या बांधणाऱ्या कंपनीच्या मृणालीमॅडमना सुहासनं सांगितलं, वीण माझी, मामा नुसते धागे धरतात. मामांनी मान डोलावली. लेक राही त्याच्या घरात नांदत होती.

अट साधी होती. पूर्ण भारावर वीस मिनिटं, दोर केसभरही सरकता कामा नये. सुहासनं होडीवरच्या विंचीनं, दोर ओढायच्या रहाटानं, दोर ताणला आणि भार नळीवर सोडला.

जाळं विणणारा माणूस ताण डोळ्यांनी नाही, बोटानं बघतो. काशीरामानं सवयीनं उजवी तर्जनी नळीच्या तोंडात सारली होती. नळी आवळली.

मॅडमनी घड्याळ लावलं. त्यांची नजर दोरावरच्या लाल खुणेवर. सुहासची सासऱ्याच्या हातावर. सोडायची दोरी त्याच्याच मुठीत होती.

“जावईबापू,” काशीराम हळूच म्हणाला, “बोट आत राहिलंय.”

सुहास कानाशी वाकला. “आता सोडलं तर ही बाई परत यायची नाही, मामा. राहीला काय सांगू? तुझ्या बापानं घालवलं म्हणून?”

काशीरामानं दुसरा पंजा वर ठेवून पहिला झाकला. बाबांना एवढा घाम का, मॅडमनी विचारलं. ऊन सोसत नाही त्यांना, असं सांगून सुहासनं मॅडमच्या हातात कोकम सरबत दिलं. बाराव्या मिनिटानंतर सासऱ्यानं त्याच्याकडे बघणंही सोडलं. अठराव्याला सुहासच्या मनात आलं खरं, पण आता सोडायचं म्हणजे अठरा मिनिटं फुकट.

वीस भरली. खूण जागच्या जागी. सुहासनं आधी मॅडमशी हात मिळवला, त्या फोन घेत खाली उतरल्या, मग दोरी हिसकली.

दोन पेरं कापावी लागली. राहीनं विचारलं तेव्हा काशीराम म्हणाला, “माझंच चुकलं गो. सवय.”

त्या बोटावाचून वीण आवळता येत नाही. म्हणून आता बाप ओटीवर बसून सांगतो आणि राही विणते. पहिल्याच आठवड्यात तिच्या तर्जनीला चिरा पडल्या. सुहासनं न सांगता मलम आणलं, काम अडू नये म्हणून.

तर हिशेब असा. दोर सरकला नाही, सुहासचं काही गेलं नाही. बापानं दोन पेरं भरली. उरलेलं लेक भरतेय: एकतीस क्लच झाले, एकशे एकोणसत्तर बाकी.