साखळी हलली की

मित्रांनो, छताच्या तुळईला साखळीने टांगलेला मी एक जुना पितळी दिवा आहे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी कडी जरा सैलच ठेवली; त्यामुळे लहानशा धक्क्यानेही मी झुलतो. या खोडीचे पूर्वी कौतुक होई. माझ्या वरच्या माळ्यावर घरधनी शिवणयंत्र चालवतात. त्यांचे पाय पायट्यावर पडले, की खाली मी डोलू लागे. "दिवा नाचतोय, म्हणजे बाबा कामाला लागले," असे म्हणत त्यांची लेक चिमणी माझ्या उजेडात अभ्यासाला बसे.

मग एके दुपारी जमीन हादरली. आमचे घर तगले. समोरचे मात्र कोसळले. त्या दिवशी सर्वांत आधी मी हललो होतो, आणि ते चिमणीने पाहिले होते.

तेव्हापासून माझी साखळी हलली, की ती वही टाकून जिन्याकडे धावे. "बाबा, तुम्हीच ना?" वरून "मीच गं" असे उत्तर आले, तरच परत बसे. दिवसभर हेच. शिवण वाकडी जाऊ लागली, तसे बाबा वैतागले. पोर दिव्याला घाबरते, तर दिवाच नको, असे ठरवून त्यांनी मला उतरवले आणि कपाटामागे ठेवले. माझ्यावर धूळ साचली.

चिमणी मात्र शांत झाली नाही. पायांत चपला घालून ती उंबरठ्यावर बसू लागली. जेवायलाही आत येईना. भेटायला आलेल्या आत्याने ते पाहिले. कपाटामागून मला तिचे बोलणे ऐकू आले.

"दादा, कापड तेवढं मापून कापतोस. लेकीची भीती न मापताच कापलीस होय?"

बाबा चिमणीशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "दिवा नाही. आता घर हललं, तर मला कळणार कसं?"

बाबांनी तिची समजूत घातली नाही. मला पुसले आणि पुन्हा टांगले. आता पायट्यावर पाय ठेवण्याआधी तेच वरून हाक देतात, "मीच गं."

मित्रांनो, घाबरलेले मूल ज्या वस्तूवर नजर ठेवून असते, ती त्याच्यापुढून काढून घेऊ नका. त्याच्या प्रश्नाला, तो कितीही वेळा आला तरी, उत्तर द्या.

परवा बाबा हाक द्यायला विसरले. मी डोलू लागलो. चिमणीने वर पाहिले, ती क्षणभर थांबली.

"बाबाच," ती स्वतःशी म्हणाली, आणि तिने पान उलटले.