काचेवरचा गुलाल

मी आयुबची लाल मोटार बोलतेय. दोनच माणसांची, बुटकी, टप नसलेली. जन्म विलायतेतला. वय विचारू नका, आयुबच्या वडिलांपेक्षा मी मोठी आहे. आयुबचं धाराशिवात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. सोलापूरच्या एका गोदामात माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, तिथून त्यानं मला आणलं आणि खपून खपून चालती केली.

त्याच सुमारास ढोकीच्या उत्तरेश्वर पाटलांना हौस आली. ते मोठे बागायतदार, त्यांच्याकडंही एक जुनी स्पोर्ट्स कार. उसाचा हंगाम सरल्यावर माळावर मुरूम टाकून त्यांनी शर्यतीचा गोल रस्ता केला. पहिल्या साली आम्ही चौघीच होतो. पुढं लातूरच्या, हैदराबादच्या जुन्या गाड्या येऊ लागल्या. ढोकी झाली की येरमाळा, मग सास्तूर, अशी दरसाल शर्यतींची मालिकाच लागायची. भज्यांचे गाडे, लाउडस्पीकर, झाडांवर चढलेली माणसं. माझं नाव पुकारलं की मी जरा जास्तच गुरगुरायचे. खोटं कशाला बोलू?

आयुबची बायको शरिफाबी मात्र मला सवत म्हणायची. शर्यतीच्या दिवशी तो घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"तुमाला काय झालं तर मी कुनाकडं बघू?" ती विचारायची.

"एवढं साल जाऊ दे," आयुब म्हणायचा. साल सरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गेल्या वर्षी ती पहिल्यांदाच शर्यत बघायला ढोकीला आली. शेवटच्या फेरीत आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. आमच्याकडची माणसं बैलांच्या शर्यतीत वाढलेली, जिंकणाऱ्या जोडीवर गुलाल उधळणारी. त्यांनी तो शेवटच्या रेषेच्या अलीकडंच माझ्यावर उधळला. बैल मान झटकून पळत राहतो. माझी काच पार माखली, आयुबचे डोळे गुलालानं भरले, आणि त्याच वेळी लोक आनंदानं आडवे धावत आले.

आयुब ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. पळायला कधी लावला नव्हता एवढा जोर मी थांबायला लावला. थांबले तेव्हा माझ्या नाकाशी एक म्हातारा उभा होता. गुलालाची पिशवी हातात धरून तो अजून हसत होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

शरिफाबी धावत आली. तिनं पदरानं आधी आयुबचे डोळे पुसले, मग माझी काच.

"बास झालं. घरी चला."

उत्तरेश्वर पाटील बाजूला उभे होते.

"आयुबभाई, गुलाल टाकू नका म्हनलं तर लोक येनार न्हाईत," ते म्हणाले. "अन् टाकला तर कुनाचा तरी जीव जाईल. हितंच थांबू."

मालिका तिथंच संपली. हैदराबादच्या गाड्या परत आल्या नाहीत. माळावर आता कडब्याच्या गंज्या आहेत. आयुबला हळहळ वाटते. मला विचाराल तर माझा जीव भांड्यात पडला.

हल्ली मी दोघांना घेऊन सास्तूरला जाते, त्यांच्या लेकीच्या, सानियाच्या सासरी. रस्त्यात टेम्पो, फटफट्या, कोणीही मला मागं टाकतं आणि आयुब हात काढून वाट देतो. तुम्हीही मागून आलात तर खुशाल पुढं जा. फक्त हॉर्न वाजवू नका. शेजारच्या सीटवर शरिफाबीचा नुकताच डोळा लागलाय.