घागरीच्या दाढेतली कीड

पलूसच्या बाजारात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचेखाली नाथाजीबुवा बसला होता. पुढ्यात पाण्याची परात, परातीत निखाऱ्यांचं खापर, त्यावर पालथं मडकं आणि मडक्याच्या बुडातून वर आलेली बोरूची नळी. रोग्यानं नळी दुखऱ्या दाढेशी धरायची, बुवानं मडकं जरा कलतं करून तुपात कालवलेला अंगारा निखाऱ्यावर टाकायचा आणि धुरानं गुदमरलेली कीड नळीतून खाली पडायची. मडकं उचललं की पाण्यात खरोखरच बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत. लोक हात जोडत.

बुवाचं तोंड अखंड चालू होतं. ही कीड म्हणे मागच्या जन्मीची असते आणि फक्त त्याचाच शब्द ऐकते. मिरज स्टेशनावर त्यानं एका गोऱ्या साहेबाची दाढ गाडी सुटायच्या आत साफ केली होती. डॉक्टरनं दाढ उपटली की डोळा जातो आणि डोळ्यापाठोपाठ अक्कल. अक्कल आधीच गेलेल्यांची रांग समोर लागली होती. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण बुवाच्या डोक्यावर, चिंचेच्या बुंध्याला, झेंडूची माळ घातलेली एक तसबीर टांगली होती. तसबिरीत देव नव्हता. आमच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी होती आणि खाली माझी सही होती.

मी धरणेंद्र उपाध्ये, सांगलीच्या कॉलेजात जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारा मास्तर. साल सेहेचाळीस. युद्धामुळे चांगली भिंगं मिळेनात, म्हणून आम्ही कॉलेजवाले, गावातले डॉक्टर आणि गुरांचे डॉक्टर मिळून एकच सूक्ष्मदर्शक वापरायचो. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता, प्रत्येकाला वीस मिनिटं. या सोयीचा मला फार अभिमान होता. खेड्यातल्या माणसाची थुंकी तपासायला आता पुण्याला धाडावी लागत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी ब्रह्मदेशातून परतलेला कृष्णात नावाचा जवान पलूसहून सायकल मारत आला. बाटलीत किडा होता, त्याच्या बायकोच्या, अंजनाच्या, दाढेतून बुवानं काढलेला. घरचे सगळे बुवाच्या बाजूचे, हा एकटाच तिला दवाखान्यात न्यायचं म्हणत होता. पलटणीत रक्त तपासून हिवताप ठरवताना त्यानं पाहिलं होतं, म्हणून किडा खरा की खोटा ते विचारायला तो आमच्याकडे आला. माझी पाळी संपत आली होती. दारात गुरांचे डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. मी बाटली उजेडाला धरली, भिंगाखाली काही घेतलं नाही आणि लिहून दिलं, ‘नमुन्यात बारीक पांढरा कृमी आढळला.’ कृष्णातनं सलाम ठोकला.

बाजाराच्या आदल्याच दिवशी, बुधवारी, आमच्या पाळ्यांतल्याच डॉक्टर त्रिशलाबाई तसलाच किडा घेऊन आल्या. त्यांच्या पलूसच्या रोग्यानं सांगितलं होतं की बुवाच्या किड्यांना प्रयोगशाळेचा दाखला आहे. या खेपेला मी नीट पाहिलं. तोंड नाही, आतडं नाही. झाडाच्या पेशी, एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला दोन चिमुकली दलं. तो भुईरिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या, बीमधला कोवळा कोंब होता. मी बाईंना कृष्णातला दिलेल्या चिठ्ठीचं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, “उद्या पलूसला जायचं.”

रांगेशेजारी बैलगाडीत अंजना पडली होती. सूज गळ्यापर्यंत उतरली होती, तोंड उघडत नव्हतं. बाईंनी तिच्या जबड्याखाली हात लावला आणि हिला आत्ताच्या आत्ता मिरजेला हलवा म्हणाल्या. कृष्णातची आई, रंगूबाई, आडवी आली.

“आवं बाई, दर बेस्तरवारी किडं निगत्यात. समदं निगाल्याबिगर बरं कसं वाटंल?”

चिठ्ठी वाचून कृष्णातनं दवाखान्याचा हट्ट सोडला होता आणि घरच्यांनी ती बुवाला नेऊन दिली होती. आता त्यानं तसबिरीकडे बोट केलं.

शेजारी एक कुंभार बसला होता. त्याची कोरी घागर उचलून मी बुवापुढे ठेवली आणि नळी हिच्या तोंडात धर म्हणालो. बुवा गर्दीकडे बघून हसला.

“मास्तर, घागरीला दाढा असत्यात व्हय?”

“नसतात. म्हणूनच.”

बुवा पसारा आवरायला लागला, तेव्हा कृष्णातनं त्याचं मनगट धरलं. मी नळी घागरीत घातली, बुवाचाच अंगारा निखाऱ्यावर टाकला आणि धूर ओसरल्यावर मडकं उचललं. पाण्यात तसेच पांढरे किडे तरंगत होते. उरलेला अंगारा मी तळहातावर चोळून लोकांना दाखवला. राखेत भुईरिंगणीच्या चपट्या बिया होत्या. निखाऱ्यावर बी तडकते, आतला कोंब उडून पाण्यात पडतो आणि मडक्याच्या आडोशानं ते कुणाला दिसत नाही. दाढेचा काही संबंधच नाही.

बुवा म्हणाला, घागरीलाही कीड लागली असेल. काही माना डोलल्या. रंगूबाईनं विचारलं, “मग त्यो कागुद?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“तो कागद खोटा आहे,” मी म्हणालो. “मी न बघता लिहिला.”

त्यानंतरच गाडी हलली. बुवा केव्हा पसार झाला ते कुणी पाहिलं नाही.

मिरजेला पू काढला, जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या उगाळून दिल्या. विष रक्तात भिनलं होतं. शनिवारी अंजना गेली. दोन महिन्यांपूर्वी आली असती तर दाढ काढून संध्याकाळी घरी गेली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

अंजनाचे दिवस झाल्यावर कृष्णात प्रयोगशाळेत आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यानं हातानं थांबवलं.

“बुवावर माजा इस्वास कवाच न्हवता, मास्तर. तुमच्यावर हुता.”

आणि तो गेला.

म्हणून सांगतो. बुवा म्हणतो म्हणून मानू नका, आणि मास्तरनं सही केली म्हणूनही मानू नका. तुम्ही स्वतः पाहिलंत का, कसं पाहिलंत, आम्हालाही दाखवा, असं आम्हाला तोंडावर विचारा. आम्ही कपाळाला आठ्या घालू. घालू द्या. दुखणारं माणूस तुमचं आहे.