चहाचा डाग आणि मी

मी बोलतोय, पुठ्ठ्याचा तुकडा. हसू नका! माझ्या अंगावर जाड काळ्या अक्षरांत 'आणि' लिहिलंय. माझ्यावाचून कुठल्याही गोष्टीचं पान हलत नाही.

बाईंनी बुटांचं खोकं कापून आम्हा वीस भावंडांना जन्म दिला. त्यांच्या वर्गात सहाच मुलं, अक्षरं ज्यांच्याशी जरा जास्तच लपंडाव खेळतात अशी. त्यांनी नेहमीचे शब्द निदान नजरेनं ओळखावेत, ही बाईंची धडपड. पहिल्याच दिवशी बाईंचा कप कलंडला नि माझ्या कोपऱ्यावर चहाचा डाग पडला. म्हटलं, फुटलं नशीब!

झालं उलटंच. वर्गात नऊ वर्षांची एक ताई होती. धाकट्या बहिणीला गोष्ट वाचून दाखवायची, हा तिचा एकच ध्यास. तोवर ती चित्रं बघून ठोकून द्यायची. पण धाकटी महाबिलंदर! "ताई, काल मांजर पळून गेलं होतं ना? मग आज लग्नाला कसं आलं?" हे वर्गात सांगताना ताईचे डोळे भरून यायचे.

बाकी भावंडांपाशी तिची गाडी अडायची. मला बघितलं की मात्र क्षणात, "आणि!" मी तर हवेतच.

मग एकदा माझ्या भावाच्या, 'पण'च्या कोपऱ्याला कुणाचं तरी तेलकट बोट लागलं. ताई दणक्यात म्हणाली, "आणि!"

अरे देवा! ती मला नाही, डागाला वाचत होती. मेल्यानं माझं सगळं श्रेय लाटलं होतं.

बाईंनी कात्रीनं माझा कोपराच उडवला. दुसऱ्या दिवशी तो कापलेला कोपरा बघून ताई खुशीत, "आणि!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "चूक तुझी नाही गं. माझीच आहे."

मग फळ्यावर, फरशीवर, वर्तमानपत्रात, जिथं तिथं त्या तिला तेच शब्द दाखवू लागल्या. मी खडूंच्या खोक्यात रुसून बसलो. ताई रडली, एकदा तर खडू भिरकावला, पण हटली नाही.

सुट्टी लागली तेव्हा बाईंनी मला तिच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. घरी धाकटी तिला चिकटून बसली. ताईचं बोट सरकू लागलं. "कोंबडी... आणि... मांजर..." माझ्याकडे ढुंकूनही न बघता! मला जरा लागलंच, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुस्तक. धाकटी ऐकता ऐकता ताडकन उठली. "ताई! आज गोष्ट कालच्यासारखीच आहे!"

मंडळी, एवढीच विनंती, मला परत खोक्यात धाडू नका. हीच गोष्ट मला उद्याही ऐकायचीय. जशीच्या तशी.