किटलीसाठी लिंबाची फुले

सुज्ञ वाचकहो, येथून पुढे जी हकिकत सविस्तर कथन होणार आहे, ती बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीतील एका विजेच्या किटलीची, तिच्या पोटात साचलेल्या पांढऱ्या क्षाराची, आणि त्या क्षारापायी एका बहिणीच्या भाऊबीजेवर ओढवलेल्या संकटाची आहे. किटली ही वस्तू लहान खरी. परंतु तिने मांडलेला गोंधळ मुळीच लहान नव्हता. सबब चित्त स्थिर करून ऐकावे.

हिंदुराव हे मूळचे साताऱ्याकडील गृहस्थ, अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे. पहाटे घोटभर कोरा चहा घशाखाली उतरल्याशिवाय त्यांचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. हे जाणून त्यांचा मेव्हणा हेमंत, जो उल्हासनगरात राहतो, त्याने वास्तुशांतीला मोठ्या प्रेमाने एक चकचकीत किटली आहेर केली. बटण दाबावे, पाणी उकळावे, बटण आपोआप वर यावे! हिंदुराव त्या यंत्रावर इतके लुब्ध झाले की येईल त्याला बटण दाबून दाखवू लागले.

परंतु सोसायटीला पाणी बोअरचे, आणि तेही जड. हळूहळू किटलीच्या तळाशी पांढरी खरखरीत साय धरली. पुढे तिचे पापुद्रे सुटून चहात तरंगू लागले. हिंदुरावांनी मनाशी निदान केले की आतले गिलीट, म्हणजे चकचकीत मुलामा, सुटला! गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असता त्यांची जीभ सैल सुटली.

"काय हेमंतराव, उल्हासनगरचा डुप्लिकेट माल खपवायला आम्हीच घावलो व्हय?"

शेजारच्या कौसाबाई खुदकन हसल्या. हेमंतने हातातला कप तसाच खाली ठेवला, चपला पायांत सरकवल्या, आणि तो जो गेला तो दाजींचा फोनही उचलेना.

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याचा बहिणीला फोन आला. "ताई, येतो. पण दाजींनी त्याच किटलीतला चहा आधी स्वतः प्यायचा आणि मग मला द्यायचा. तेही सगळ्यांदेखत. तरच पाटावर बसेन. नाहीतर दारातच ओवाळणी देऊन माघारी."

विठाबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "अहो, मला भाऊ एकच आहे. त्याचा पाट रिकामा राहिला, तर ह्या घरात चहाच होणार नाही. कोरा नाही आणि दुधाचाही नाही."

हिंदुरावांची झोपच उडाली. बायको रुसल्याचे दुःख, मेव्हणा तुटल्याची टोचणी, आणि चहावाचून पुढील आयुष्य! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत त्यांनी एक युक्ती योजली. हुबेहूब तशीच नवी किटली आणावी, आणि हीच ती जुनी, असे हेमंतला भासवावे.

सकाळी जुनी किटली पिशवीत घालून त्यांनी स्कूटर उल्हासनगरास पिटाळली. सणामुळे अनीशशेठचे विजेच्या वस्तूंचे दुकान अर्धे शटर ओढून उघडे होते. शेठने किटली उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, ये मॉडेल तो बंद हो गया. पण बदलता कशाला? पीस एकदम ओके आहे."

"ओके कसला? गिलीट सुटलंय की!"

शेठने झाकण उघडून आत बोट फिरवले आणि तो खो खो हसू लागला. "गिलीट नाही हो काका, खार आहे खार! पानी का खार. निंबू के फूल डालो, पानी उबालो, चांदी जैसा निकल आएगा!"

त्या क्षणी हिंदुरावांच्या चित्तात जणू दिवाळीचे सारे आकाशकंदील एकदम पेटले. म्हणजे माल खरा! मेव्हणा खरा! खोटे काही असेल तर आपली जीभ! शेठ पाठीमागून "बाजूच्या किराणावाल्याकडे..." असे काहीतरी ओरडत होता, पण तोवर स्कूटर चौक ओलांडून गेली होती.

आता लिंबाची फुले आणावी कोठून? त्यांना चंद्री आठवली. बेलवलीच्या नाक्यावर भाजी विकणारी ही बाई बारवी धरणाच्या वाटेवरील एका पाड्यात राहते आणि तिच्या दारी लिंबाचे झाड आहे, हे त्यांना ठाऊक होते. अंबरनाथ मागे टाकीत, बदलापूरही ओलांडीत ते थेट तिच्या अंगणात पोहोचले. झाड खरोखरच पांढऱ्या फुलांनी डवरले होते. हिंदुराव हर्षाने जागीच टाळी वाजवते झाले.

"चंद्राबाई, फुलं पाहिजेत. ओंजळभर!"

"लिंबां नको नं फुलां? कोन देवाला?"

"देवाला नाही. किटलीला."

अंगण झाडणाऱ्या चंद्रीने हातातली केरसुणी थांबवली. "आं? ह्यो कंचा नवा देव आनलाव काका?"

"उशीर होतोय गं बाई, संध्याकाळी मेव्हणा येणाराय!"

"मेवना येनार म्हून किटलीची पूजा!" ती पदर तोंडाशी धरून हसली. तरी सणाचा दिवस म्हणून तिने ओंजळभर फुले खुडून रुमालात बांधून दिली. "घ्या. पर पुढं लिंबां महाग झाली तं माझ्याशी भांडू नका."

घरी विठाबाई शेजारी गेलेल्या होत्या. हिंदुरावांनी किटलीत पाणी भरले, फुले सोडली, बटण दाबले. घरभर असा सुगंध दरवळला, की एखाद्या लग्नमंडपाने लाजावे! बटण वर आले. त्यांनी झाकण उघडले. फुले शिजून काळवंडली होती, आणि क्षार जागच्या जागी दगडासारखा. पुन्हा उकळले. पुन्हा तेच.

इतक्यात विठाबाई दारात उभ्या. "हे काय? किटलीचं लग्न लावलंत का काय?"

हिंदुराव घामाघूम होऊन सारे सांगते झाले. 'निंबू के फूल' हे शब्द ऐकताच विठाबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग उठून त्यांनी फळीवरून एक पुडी काढली. आत साखरेसारखे पांढरे खडे.

"अहो, हे लिंबूफूल! वाण्याकडं मिळतं. चिवड्याला आंबटपणा येतो तो ह्यानं. मी काय चिवड्यात झाडाची फुलं घालते?"

फुले पातेल्यात ओतून त्यांनी किटलीत ताजे पाणी भरले आणि चमचाभर खडे टाकले. तोच फस्सऽऽ! तळातून बुडबुड्यांच्या माळाच्या माळा उसळल्या. पाणी तापले तसतसे पापुद्रे सुटू लागले, गढूळ भोवरे उठले. "सुटलं! विठा, सुटलं बघ!" हिंदुराव लहान मुलासारखे ओट्याभोवती नाचू लागले. पाणी ओतताच आत लख्ख पोलाद, असे की त्यात त्यांना आपल्या मिशा दिसल्या! किटली चांगली खळखळून धुतली, साधे पाणी उकळून टाकले, आणि चहाचे पाणी चढते न चढते तोच बेल वाजली.

हेमंत आत आला. पाट मांडलेला, निरांजन तयार, कौसाबाईही मुद्दाम बोलावलेल्या. हिंदुरावांनी सर्वांदेखत चहा ओतला, स्वतः घोट घेतला आणि दुसरा कप पुढे केला. हेमंतने कप घेतला नाही. त्याने किटलीचे झाकण उघडून आत पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"नवी आणलीत, दाजी. माझी फेकून दिली आणि नवी आणलीत. असली फसवणूक कशाला?"

तो दाराकडे वळला. हिंदुरावांपाशी आता लपवण्याजोगे काहीच उरले नव्हते. ते ओट्यावरचे पातेले उचलून धावत त्याच्या आडवे उभे राहिले.

"हेमंतराव, आणणार होतो! नवी घ्यायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पण शेठ म्हणाला, माल अस्सल आहे. निंबू के फूल घाला म्हणाला. म्हणून मी पार बारवीच्या वाटेला जाऊन झाडावरची फुलं आणली. ही बघा, उकळलेली!"

हेमंतने पातेल्यात वाकून पाहिले. "लिंबाची फुलं? खरीखुरी? किटलीत?"

"दोनदा उकळली," विठाबाई म्हणाल्या.

हेमंतच्या तोंडून आधी नुसती हवा सुटली, मग हास्याचा असा फवारा, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "दाजी, ही थाप असती तर तुम्हाला सुचलीच नसती!"

"नसतीच सुचली," हिंदुराव म्हणाले आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "गणपतीत बोललो ते चुकलो. कौसाबाई, तुम्हीही ऐका. किटली चोख होती. पाणी आमचं जड, आणि जीभ माझी."

हेमंत डोळे पुसत पाटावर बसला. विठाबाईंनी कुंकू लावले, अक्षता टाकल्या, ओवाळले. त्यांच्या मुखावरील तेज निरांजनाहून अधिक होते. मग हेमंतने तो निवलेला कप उचलला आणि सावकाश घोट घेतला.

"कसा झालाय?" हिंदुरावांनी श्वास रोखून विचारले.

"चांगलाय. फुलांचा वास येतोय थोडा," हेमंत म्हणाला आणि त्याने कप पुन्हा पुढे केला. "अजून ओता."

येथे ही हकिकत पूर्ण झाली. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपल्या सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
दशरथ बामा गायकर, मोरिवली