वैगईच्या वाळूतला मासा

मित्रांनो, मी पांड्य राजांचं एक जुनं, चौकोनी तांब्याचं नाणं आहे. माझ्या एका अंगावर हत्ती आहे, दुसऱ्यावर मासा. शेजारच्या चेर राजांच्या नाण्यावर धनुष्य असे, चोळांच्या नाण्यावर वाघ. मासा मात्र आमचा! मदुरैच्या बाजारात तो दिसला की लोक मला बेधडक हातात घेत.

तापलेल्या तांब्यावर ठसा ठेवून कारागिराने हातोडा हाणला आणि मी जन्मलो. मिरी, मीठ, जाईचे गजरे... काय काय आणलं मी लोकांच्या घरी! मग एके दिवशी कोणाच्या तरी कनवटीतून निसटलो आणि वैगई नदीच्या वाळूत रुतलो. दोन हजार वर्षं तिथेच होतो. अंगावर हिरवा थर चढला.

एका उन्हाळ्यात मी पेचियम्माच्या चाळणीत आलो. ती नदीची वाळू चाळून धातूचे तुकडे वेचायची. ओतारकाम करणारा वेलायुधम आसारी ते घेऊन भट्टीत वितळवायचा आणि समया ओतायचा. माझ्याबरोबर चाळणीत आलेली चार नाणी त्याने मुशीत टाकली. बघता बघता त्यांचा लाल रस झाला. मग त्याने मला चिमट्यात धरलं, तसा हिरव्या थराचा टवका उडाला.

"थांब आसारी! मासा आहे त्याच्यावर!" शेजारी उभी असलेली पेचियम्मा ओरडली.

"अगं अक्का, मासे बाजारात मिळतात. तांब्यात कसले शोधतेस?"

"बाजारातला संध्याकाळी नासतो. हा बघ, अजून ताजा आहे. आपल्या राजाचा आहे हा. दे इकडे!"

आसारी हसला, पण त्याने मला तिच्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पदराला गाठ मारून ती मला वस्तुसंग्रहालयात घेऊन गेली. तिथल्या नाण्यांच्या अभ्यासक कनिमोळीबाईंनी मला भिंगाखाली धरलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"अम्मा, अशी आणखी होती का हो?"

पेचियम्मा म्हणाली, "होती, बाई. वीस वर्षं मीच भट्टीवर नेऊन दिली. त्यांच्या समया झाल्या."

आज मी काचेच्या पेटीत दिमाखात बसलो आहे. लोक वाकून माझा मासा बघतात, तेव्हा माझी छाती फुगते. पेचियम्मा आता प्रत्येक तुकडा आधी उन्हात धरून पाहते.

मित्रांनो, तुम्हीही तसंच करा. जुनं काही सापडलं तर घासू नका, वितळवू नका. जाणत्या माणसाला दाखवा. माझ्या त्या चार सोबत्यांच्या अंगावर काय कोरलं होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.