बादलीतले पाच मग

"एकशे पंचवीस," ती म्हणाली.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पुन्हा चारनं भागलंस! औषध एक भाग, पाणी चार भाग. पाचशे मिलिलिटर मिश्रणात औषध किती?"

"एकास चार म्हणजे चारनंच भागणार ना, सर!"

ती इस्पितळात फरशा पुसायची. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नर्सच्या मदतनिसाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा या गुणोत्तरापायीच. उद्या तिसरी आणि शेवटची संधी. महिनाभर ती रोज मास्तरांकडे येत होती. मास्तरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, बायको गेलेली, मुलगी फोनवर "बरं आहे ना?" एवढंच विचारून ठेवणारी. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज व्हायचा तो हा एकच तास.

आणि खरं सांगायचं, तर मास्तरांच्या मनात चोर होता. हिला चुटकीसरशी कळेल असं उदाहरण त्यांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण एकदा कळलं, की ही कशाला येतेय? म्हणून आज नको, उद्या सांगू, असं चाललं होतं.

तिनं वही मिटली. "जाऊ द्या सर. माझं डोकंच मठ्ठ. उद्या जातच नाही मी." आणि तिला रडूच फुटलं.

मास्तरांना वाटलं, आपण हे काय करून बसलो!

"थांब. फरशीचं औषध कसं कालवतेस?"

"एक मग औषध, चार मग पाणी."

"मग बादलीत एकूण मग किती?"

"पाच." ती बोलून गेली. वही ओढून तिनं भराभर आकडे मांडले. "शंभर! अगंबाई, हे तर मी रोज करते!"

मास्तरांनी आणखी तीन गणितं घातली. तिन्ही तिनं फटाफट सोडवली.

चपला घालताना तिनं हसत विचारलं, "आधीच का नाही हो सांगितलंत?"

"सुचलंच नाही गं," मास्तर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती पास झाली होती, मदतनिसाची नवी ड्युटीसुद्धा सुरू झाली होती. मास्तर तोंडभरून शाबास म्हणाले. फोन ठेवला तोच जिन्यात पावलं वाजली. ते उगाचच दाराशी गेले. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. मास्तरांनी दार लोटलं, कडी मात्र लावली नाही.